आठ सेकंदांनी सूर तुटतो, तो दोष कुणाचा?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातले एक वाचक, वय ५२. लहानपणापासून पेटी वाजवतात, गावच्या भजनी मंडळात दर आठवड्याला साथीला असतात. कॉलेजात असताना मित्राकडे कॅसेटवर बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ऐकलं आणि त्याच्या सुरुवातीची धुकट बासरी मनात रुतून बसली. ती बासरी 'मेलोट्रॉन' नावाच्या टेपवर चालणाऱ्या वाद्याची, हे त्यांना अलीकडे कळलं. मुलगी शिकायला परगावी गेली, तिचा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणि जुना विंडोज लॅपटॉप घरीच राहिला. त्यावर त्यांनी मेलोट्रॉनचे फुकट मिळणारे आवाज उतरवून घेतले. पण पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. षड्ज धरून ठेवला तर थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. आवाज 'मेल्यासारखा' वाटतो. रेकॉर्डबरोबर वाजवायला जावं तर सूर जुळत नाही. दुकानदार ८८ पट्ट्यांचा, पियानोसारखा जड कीबोर्ड घ्या म्हणतो. मंडळातले स्नेही 'हे खोटं वाद्य' म्हणून हसतात. वाचक विचारतात, "महागडं सॉफ्टवेअर घ्यावं, कीबोर्ड बदलावा, की या वयात हा नाद सोडून आपली पेटीच बरी म्हणावी?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या चार तक्रारींपैकी एकच खरी बिघाडाची आहे आणि तिचा इलाज बहुधा दोन-तीनशे रुपयांत होईल. उरलेल्या तीन गोष्टी बिघाड नाहीतच. ते वाद्य तसंच होतं.

आधी खरा बिघाड. आवाज उशिरा येतो म्हणता. तुम्ही ऐकता कशावर, हे पत्रात लिहिलेलं नाही, पण माझी पैज ब्लूटूथच्या इयरफोनवर आहे. मीही एकदा एक अख्खी संध्याकाळ लॅपटॉपला शिव्या घालण्यात घालवली होती, आणि दोषी निघाले कानातले बिनतारी बोळे. ब्लूटूथवर गाणं ऐकायला काही अडचण नाही, कारण तिथे आवाज जरा उशिरा सुरू झाला तरी कुणाला कळत नाही. वाजवताना मात्र बोट आणि कान यांच्यात तेवढी फट पडली की हात गोंधळतो. तारेचा साधा हेडफोन लावा. त्यानंतरही उशीर जाणवला तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बफर' नावाचा आकडा शोधा. तो १०२४ असेल तर एका सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने नुसत्या बफरचाच उशीर २३ मिलिसेकंदांचा होतो. २५६ केलात तर तो सहाच्या आत येतो. फार खाली नेऊ नका, जुना लॅपटॉप धापा टाकायला लागतो आणि आवाजात तडतड येते. विंडोजवर उशीर कमी ठेवायला 'आसिओ' प्रकारचा ड्रायव्हर लागतो. वेगळा ऑडिओ इंटरफेस नसेल तर 'आसिओ फोर ऑल' हा फुकट मिळणारा ड्रायव्हर बऱ्याच जणांचं काम भागवतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण असं लिहिणारे तुम्ही एकटे नाही. मिडी कीबोर्डमध्ये आवाज नसतो. तो लॅपटॉपला फक्त निरोप पाठवतो: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. जोर शून्य ते १२७ या आकड्यांत जातो. आवाज काढणं पूर्णपणे लॅपटॉपचं काम. त्यामुळे मेलोट्रॉनचा आवाज चांगला यावा म्हणून कीबोर्ड बदलणं म्हणजे पत्रातला मजकूर आवडला नाही म्हणून पोस्टमन बदलण्यासारखं आहे.

आता तो तुटणारा षड्ज.

तुम्ही पेटीवाले. भजनाला बसलं की डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताच्या एका बोटाखाली षड्ज, ही तुमची लहानपणापासूनची सवय. मेलोट्रॉनवर ही सवय चालत नाही. सॉफ्टवेअर बिघडलंय म्हणून नव्हे, तर त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा होता आणि तुकडा संपला की सूर संपायचा. साधारण आठ सेकंद. तुमच्या फुकटच्या आवाजांत सूर आठ सेकंदांच्या आसपास तुटत असेल, तर ज्याने ते बनवले त्याने काम प्रामाणिकपणे केलंय असं समजा.

यंत्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बोटांनाही पटेल. बर्मिंगहॅममधल्या तीन ब्रॅडली बंधूंनी १९६३मध्ये हे वाद्य बाजारात आणलं. कल्पना मात्र त्यांची नव्हती. अमेरिकेत हॅरी चेंबरलिन आधीपासून असं वाद्य बनवत होता. त्याचा विक्रेता बिल फ्रान्सेन दोन चेंबरलिन घेऊन इंग्लंडला गेला आणि तिथे त्यावरून मेलोट्रॉन जन्माला आलं. (पुढे त्यावरून व्हायची ती भांडणं झालीच.) १९७०मध्ये आलेलं एम-४०० हे त्याचं सुटसुटीत रूप. त्याला ३५ पट्ट्या होत्या, तुमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाचपासून पांढरी चारपर्यंत, तीन सप्तकांना जरा कमी. प्रत्येक पट्टीखाली पाऊण इंचाच्या निम्म्या रुंदीची एक टेप, आणि तिच्यावर शेजारी-शेजारी तीन ध्वनिमुद्रणं, समजा व्हायोलिन, बासरी आणि चेलो. बटण फिरवून त्यातलं एक निवडायचं. पट्टी दाबली की टेप एका सतत फिरणाऱ्या दांडीवर दाबली जायची, हेडवरून सरकायला लागायची आणि आवाज यायचा. बोट उचललं की स्प्रिंग ती टेप मागे ओढून घ्यायची.

टेपचा गोल वेटोळा करून ती फिरत ठेवली असती तर सूर हवा तितका लांबवता आला असता. पण मग बासरीत फुंकर शिरतानाचा तो पहिला क्षण, व्हायोलिनवर गज टेकतानाची ती खर, हे सगळं हातचं गेलं असतं. सूर कुठूनही सुरू झाला असता. ब्रॅडलींच्या यंत्रात दर वेळी पट्टी दाबली की वादक जणू पहिल्यापासून वाजवायला लागतो. आठ सेकंदांची मर्यादा ही त्याची किंमत. तुमच्या मनात जी बासरी रुतली, ती त्या फुंकरीमुळेच रुतली, असं मला वाटतं.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'लूप' चालू करून षड्ज अखंड करायचा मोह होईल, तो टाळा. त्याऐवजी हा सराव करा. एका सेकंदाला एक मात्रा धरून केरव्याचा ठेका लावा. मोबाइलवरचं तबला ॲप चालेल. आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे बरोबर आठ सेकंद, तुमच्या टेपची लांबी. समेवर तीन स्वर एकदम दाबा, सा-ग-प म्हणा. ते तिन्ही एकदम सोडू नका. तिसऱ्या मात्रेला एक बोट उचलून शेजारच्या स्वरावर न्या, पाचव्याला दुसरं, सातव्याला तिसरं. कोणतंही बोट एका पट्टीवर आठ मात्रा राहत नाही आणि आवाज मात्र कुठेच तुटत नाही. कोळी जाळ्यावर पाय टाकत चालतो, तशी बोटं चालली पाहिजेत. मेलोट्रॉन वाजवणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. महिनाभरात ती बोटांत बसेल. पेटीवर बोटं वळलेली आहेत, त्यामुळे तुम्हाला ती एखाद्या पियानोवाल्यापेक्षा लवकर जमेल.

ताना मात्र विसरा. प्रत्येक स्वराला उगवायला थोडा वेळ लागतो, व्हायोलिनला जास्त, बासरीला कमी. द्रुत काही घेतलंत तर स्वर उगवायच्या आधीच मरतील आणि कानावर नुसता चिखल येईल. विलंबितात राहा. हार्मोनियमसारखी खटका-मुरकीही इथे शोभत नाही. बिनआवाजाची एक मोकळी जागा ठेवून पुढचा स्वर घेतलात तर तो फार सुंदर येतो, हे स्वतः करून बघा.

आता जोराचं. तुम्ही लिहिलंय की आवाज 'मेल्यासारखा' वाटतो. बहुतेक असं होतंय की हळू दाबलं तर स्वर दबतो, जोरात दाबलं तर अंगावर येतो, आणि सगळं वेडंवाकडं ऐकू येतं. कारण सॅम्पलर, म्हणजे हे मुद्रित आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर, तुमच्या बोटाचा जोर मोजतोय, पियानोसारखा. मुळात मेलोट्रॉनला पट्टी किती वेगाने आपटली याच्याशी देणंघेणं नव्हतं. पेटीलाही नसतं! पेटीवर लहान-मोठा आवाज बोटाने नव्हे, भात्याने होतो. तेव्हा सॅम्पलरमध्ये 'व्हेलॉसिटी'चा आवाजावर होणारा परिणाम शून्य करा. आणि आता भाता शोधा. कीबोर्डच्या डाव्या बाजूला दोन चाकं असतील. एक सोडलं की स्प्रिंगने मधोमध परत येतं, ते स्वर वाकवायचं. दुसरं जिथे सोडाल तिथे राहतं, ते मॉड्युलेशनचं. हे दुसरं चाक सहसा मिडीचा क्रमांक १चा निरोप पाठवतं. कीबोर्डच्या सेटिंगमधून ते क्रमांक ११वर न्या. मिडीत ११ म्हणजे 'एक्स्प्रेशन', वाजवता वाजवता आवाज चढवणं-उतरवणं. तुमचा सॅम्पलर ११ ऐकत नसेल तर ७ करून बघा.

झालं, डाव्या हाताला भाता मिळाला. उजव्या हाताने स्वर, डाव्याने श्वास. लहानपणापासूनची तुमची दुसरी सवय इथे कामी येते. पियानो शिकून आलेल्या मुलांना हे चाक हलवायचं लक्षात राहत नाही, त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांवर अडकलेले असतात. तुमचा डावा हात मोकळाच आहे आणि त्याला काम हवंच आहे.

पायातलं सस्टेन पेडल असेल तर काढून ठेवा. मूळ वाद्यावर पट्टी सोडली की सूर तिथेच थांबायचा. तो तुटकपणा झाकायला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, आहे, आणि तो सढळ हाताने वापरा. जुन्या रेकॉर्डवर आपण जो मेलोट्रॉन ऐकतो तो सहसा कोरडा नसतो. किंग क्रिमसन या इंग्लिश बँडच्या १९६९च्या पहिल्या रेकॉर्डवरची व्हायोलिनं ऐका. भिंतच्या भिंत चालून येते. तोच आवाज कोरडा ऐकलात तर माजघरातल्या ट्रान्झिस्टरसारखा निघेल. तुम्ही कोरडाच ऐकताय, म्हणूनही तो मेलेला वाटत असणार.

रेकॉर्डबरोबर सूर न जुळण्याचं कारण तर फारच गमतीचं आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' कोणत्याच पट्टीत नाही! बीटल्समधल्या जॉन लेननला गाण्याची दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं आवडली, एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची लय वेगळी, पट्टी वेगळी. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी एका टेपची गती वाढवली, दुसरीची कमी केली आणि गाणं सुरू झाल्यावर मिनिटभराने दोन्ही जोडली. त्यामुळे गाण्याचा सूर पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी तरंगतो. तुम्ही कितीही नीट वाजवलंत तरी जुळणार नाही. सॉफ्टवेअरमधलं 'फाइन ट्यून' हळूहळू वर सरकवत कानाने जुळवा. पेटीवर हे जमत नाही. तानपुरा लावणाऱ्याला मात्र सहज जमेल.

आता खर्चाचं. दुकानदाराचं ऐकू नका. मूळ वाद्याला ३५ पट्ट्या, तुमच्याकडे ४९. चौदा पट्ट्या शिल्लक आहेत. पियानोसारख्या जड पट्ट्या पियानो वाजवणाऱ्याला हव्यात, इथे त्यांचा काही उपयोग नाही. तुमच्यासारखं ज्यांना नव्याने सुरू करायचंय आणि घरात कीबोर्डच नाही, त्यांनी ३७ पट्ट्यांचा साधा घ्यावा. २५चा घेतला तर दर दोन मिनिटांनी सप्तकाचं बटण दाबावं लागतं आणि लय मोडते.

सॉफ्टवेअरची घाई नको. आधी तुमच्याकडे आहेत ते आवाज तपासा. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत एकेक स्वर सावकाश वाजवा आणि व्हायोलिनचं कंपन ऐका. मूळ वाद्यात प्रत्येक पट्टीचं ध्वनिमुद्रण स्वतंत्र होतं, म्हणून प्रत्येक स्वराचा स्वभाव थोडा वेगळा असतो: एक किंचित चढा, एक जरा घोगरा, एखाद्याची सुरुवात अडखळती. तुमच्या आवाजात लागोपाठच्या तीन-चार पट्ट्यांवर तेच कंपन क्रमाक्रमाने जलद होत जात असेल, तर एकच नमुना ताणून चार पट्ट्यांवर पसरलाय. असा संच काढून टाका आणि प्रत्येक पट्टीचा वेगळा नमुना असलेला शोधा. फुकटात मिळतात. 'एसएफझेड' प्रकारचे असतील तर प्लोगचं 'स्फोर्झान्डो' ते पैसे न घेता वाजवतं. सहा महिने वाजवून झाल्यावरही ओढ टिकली तर मग जीफोर्सचं 'एम-ट्रॉन प्रो' किंवा आर्टुरियाचं 'मेलोट्रॉन व्ही' यांच्याकडे वळा. मॅकवर लॉजिक प्रो वापरणाऱ्यांना मेलोट्रॉन त्यातच मिळतं, त्यांनी वेगळं काही घेऊ नये. आणि हो, खरंखुरं जुनं वाद्य मिळवायचा विचार ज्या कुणाच्या मनात येत असेल त्यांच्यासाठी: एम-४००चं वजन पन्नास किलोच्या वर आहे, आत ३५ टेपा, ३५ स्प्रिंगा आणि एक मोटर, आणि जास्त पट्ट्या एकदम दाबल्या की मोटर दमून सूर खाली यायचा. आपल्या पावसाळ्यात त्या टेपांचं काय होईल याची कल्पना करवत नाही.

शेवटी 'खोटं वाद्य'. हा टोमणा तुम्हाला लागलाय, हे पत्रात तीनदा आलेल्या त्या शब्दावरून कळतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही वाजवाल ती बासरी दुसऱ्या कुणीतरी साठ वर्षांपूर्वी लंडनमध्ये फुंकलेली आहे. तुम्ही वाजवताय ती टेपची नक्कल, आणि टेप ही बासरीची नक्कल. इंग्लंडातही तेव्हा हीच ओरड झाली होती. या यंत्राने वादकांच्या पोटावर पाय येईल म्हणून तिथल्या म्युझिशियन्स युनियनने हरकत घेतली होती. झालं असं की बासरीवाल्याची जागा मेलोट्रॉनला कधीच घेता आली नाही, कारण ते बासरीसारखं वाजतच नव्हतं. सूर हलायचा, टेप घासायची, आठ सेकंदांत दम संपायचा. पॉल मॅकार्टनीने त्यावर वाजवलेले ते सुरुवातीचे स्वर खऱ्या बासरीवर वाजवून बघा. गोड लागतील, पण ते गाणं राहणार नाही.

आणि मंडळातल्या स्नेह्यांना एकदा हळूच विचारा, तुमच्या मांडीसमोरची ती पेटी कुठली? पॅरिसमध्ये १८४२मध्ये पेटंट घेतलेल्या वाद्याची ती हिंदुस्थानी आवृत्ती. तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, ती परकी आणि खोटी, असं म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीने तिला दारातून बाहेर काढलं आणि १९७१पर्यंत नीटसं आत घेतलं नाही. त्याआधी गोविंदराव टेंब्यांनी तीच पेटी मराठी रंगभूमीवर अशी बोलती केली होती की आजही पेटीचं नाव निघालं की त्यांचं निघतं. मींड नाही ही पेटीची अडचण त्यांना ठाऊक नव्हती असं थोडंच आहे!

भजनात मात्र हे नेऊ नका, निदान एवढ्यात नको. टाळ-मृदंगाच्या लयीत हा आवाज मागे पडेल आणि मग हसणाऱ्यांना आयतं निमित्त मिळेल. घरी, रात्री, तारेचा हेडफोन लावून वाजवा. एखादा ओळखीचा अभंग घ्या, संथ चालीचा, नेहमीच्या निम्म्या लयीत. मुखडा बासरीवर, अंतरा चेलोवर. रेकॉर्ड करून मुलीला पाठवा, कीबोर्ड तिचाच आहे. आणि आठव्या मात्रेच्या आत बोट उचललं जातंय का, ते महिन्याभराने मला कळवा.